रिकामी दिसली ती डिस्क

सेलूत कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की तो दोनपैकी एका ठिकाणी जातो. ज्यांना धीर हवा असतो ते बसस्टँडजवळच्या दुकानात जातात. तिथला मालक "होऊन जाईन, टेन्शन नका घेऊ" असं म्हणून यंत्र ठेवून घेतो आणि पुढचे आठ दिवस तेच म्हणत राहतो. ज्यांना खरं काय ते ऐकायचं असतं ते गुंजनकडे येतात.

गुंजनचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. वय छत्तीस. वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी तिला वर्ध्याला हार्डवेअरच्या कोर्सला घातलं तेव्हा वर्गात बावीस मुलगे आणि ही एकटी. नवरा नीरज हिंगणीच्या शाळेत शिकवतो. लग्नानंतर सासूनं विचारलं होतं, "हे पेचकस-बिचकस सोबत आनलं काय?" आणि हिनं "हो, दागिने घरीच ठेवले," असं उत्तर दिलं होतं. ते उत्तर अजूनही नात्यागोत्यात सांगितलं जातं.

तिची एक रीत होती. यंत्र उघडण्याआधी ती गिऱ्हाइकापुढे कोरा कागद ठेवायची. 'यातलं काय जायला नको' ते लिहा, खाली सही करा. लोक हसायचे. एका हेडमास्तरांनी 'माझी अब्रू' असं लिहून सही केली होती. पण तो कागद यंत्राला चिकटवल्याशिवाय ती स्क्रूला हात लावत नसे. आणि एखादं काही हातून निसटण्यासारखं असलं तर तोंडावर सांगायची, "गेलं म्हंजे गेलं, भाऊ. मी आणून नाई देऊ शकत." लोकांना आधी राग यायचा, मग विश्वास बसायचा. गुंजन खोटं बोलत नाही, ही गोष्ट सेलूत गृहीत धरलेली होती. ती स्वतःही ती गृहीत धरून चालली होती.

रूपरावांकडे मात्र तिनं कागद कधी ठेवला नाही. ते घरच्यासारखेच होते.

रूपरावांचा फोटो स्टुडिओ तीस वर्षांचा. लग्नाचे फोटो काढणारे तालुक्यात पुष्कळ झाले, पण रूपरावांचं नाव निघायचं ते वेगळ्या कामासाठी. घरात माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी स्टुडिओची पायरी चढायचं. तेरवीला फोटो लागतो. हार घालायला, पाटावर ठेवायला, आणि पुढं भिंतीवर कायमचा. ज्यांनी आयुष्यभर कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली त्यांचा फोटो घरात कुठून असणार? आधार कार्डावरचा असतो, पण त्यात सगळेच चोर दिसतात. रूपराव म्हणायचे, "कोनाकोनाच्या लग्नात गेले होते ते सांगा." मग त्या लग्नांचे फोटो उघडून बसायचे. अल्बममध्ये गेलेले नाही, उरलेले. पंगतीत पत्रावळीवर वाकलेली माणसं, मांडवाच्या खांबाला टेकलेली माणसं, फेटा बांधून घेताना डोळे मिटलेली माणसं. अशा फोटोंना कोणी निवडत नाही. रूपरावांनी त्यातला एकही कधी पुसला नाही. "निवडलेले फोटो जितेपनी कामी येते," ते म्हणायचे, "उरलेले मेल्यावर."

तीन वर्षांपूर्वी त्यांना लग्नांचे व्हिडिओ जोडायला जलद यंत्र हवं होतं. गुंजननंच ते बांधून दिलं. दोन एसएसडी, म्हणजे नव्या जलद डिस्का, घेतल्या आणि त्यांची रेड केली, म्हणजे दोन डिस्का मिळून यंत्राला एकच दिसते. रूपरावांनी विचारलं, हे काय नवीन? तेव्हा तिनं समजावलं होतं, "भाऊ, समजा दोघांनी मिळून पोथी उतरवून काढली. पहिली ओळ एकाच्या वहीत, दुसरी दुसऱ्याच्या, तिसरी पुन्हा पहिल्याच्या. काम अर्ध्या वेळात होते."

"अन् एक वही हरवली त?"

"मंग दुसरी वाचून काई समजत नाई. म्हणून बाहेरची एक डिस्क घ्या, अन् दर आठवड्याले सगळं तिच्यात उतरवत जा."

रूपराव घेतो म्हणाले. लग्नांचे सीझन आले आणि गेले, ती डिस्क घ्यायची राहून गेली.

या फेब्रुवारीत लाइन गेली आणि परत आली, पण रूपरावांचा कॉम्प्युटर अर्ध्यावर अडकून राहिला. विंडोज उठेना. त्या दिवशी त्यांना हिंगणीला हळदीचे फोटो काढायला जायचं होतं. स्टुडिओची चावी गुंजनच्या हातात देऊन ते म्हणाले, "तू हायेस त मले चिंता नाई." आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

पुढचं सगळं दिवसाउजेडी, दुपारी एक ते चारच्या दरम्यान घडलं. तिनं पेनड्राइव्ह लावला, विंडोज नव्यानं टाकायला घेतली. पडद्यावर आलं की या यंत्रात एकही डिस्क सापडत नाही. ड्रायव्हर, म्हणजे डिस्क ओळखायला शिकवणारी फाइल, द्या. तिनं ड्रायव्हर दिला, यंत्रानं नाकारला. दुसरा दिला, तोही नाकारला. नेट मुंगीच्या पावलानं चालत होतं. तिसरा उतरवायला पाऊण तास गेला आणि तोही चालला नाही. रूपरावांचा फोन आला, "झालं काय वो? उद्या सकाळी अल्बम द्याचा हाय." ती म्हणाली, "होऊन जाईन." हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा आपण बसस्टँडजवळच्या दुकानदारासारखं बोललो, एवढं तिच्या लक्षात आलं. त्याच्या पुढचं लक्षात आलं नाही.

गेल्या दोन वर्षांत तिच्याकडे जे नवे लॅपटॉप आले त्यांतही असंच व्हायचं. कारखान्यातूनच ते रेडवर लावलेले असतात, आत डिस्क मात्र एकच. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन रेड काढायची आणि साधी पद्धत लावायची, की डिस्क दिसू लागते. शंभर वेळा केलेलं काम. हाताला ते इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती. हातानं ते केलं. आणि खरंच, एकीऐवजी दोन डिस्का दिसल्या.

पहिलीवर काहीतरी वेडंवाकडं भरलेलं दिसत होतं. दुसरी रिकामी. ती क्षणभर थांबली, हेही खरं. तिनं विचार केला की भरलेली आहे तिच्यात भाऊंचे फोटो असतील, तिला हातच लावायला नको. रिकामी आहे तिच्यावर विंडोज टाकू. म्हणजे तिनं फोटो जपण्यासाठीच ती रिकामी निवडली. पुढं दोन महिने ती या वाक्याला धरून लोंबकळत राहिली, आणि दर वेळी ते वाक्य हातातून सुटायचं. कारण डिस्क रिकामी नव्हती. जोडीतली दुसरी वही होती ती. एकट्यानं वाचली तर अक्षर लागत नव्हतं, म्हणून यंत्राला ती कोरी वाटली. आणि ती जोडी तिनं स्वतः बांधली होती.

अकरा मिनिटांत विंडोज बसली. ती पहिली डिस्क उघडायला गेली. यंत्र म्हणालं, वापरायची असेल तर फॉरमॅट करा.

तेव्हा तिला पोथी आठवली.

तिनं रेड परत लावून पाहिली. जोडी तुटलेली दिसली. जुन्या हार्डडिस्कवर पुसलेलं थोडं तरी मागे राहतं, खरडून काढता येतं. एसएसडी तशी नाही. फॉरमॅटचा हुकूम मिळाला की ती आतून सगळं झाडून मोकळी होते. हे गुंजनला माहीत होतं. तीच गिऱ्हाइकांना सांगायची. तीन वर्षांतली दीडशेवर लग्नं, त्यांतली निवडलेली आणि न निवडलेली माणसं. प्रत्येक फोटोतली एक ओळ आहे आणि एक नाही.

चार वाजता रूपराव आले. हळदीचे डाग सदऱ्यावर. तिचा चेहरा पाहून दारातच थबकले.

"डिस्क गेली काय?" त्यांनीच विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली.

"दोनी?"

तिनं पुन्हा मान हलवली. खोटं बोलण्यासाठी तोंड उघडावंच लागतं असं नाही, हे तिला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

रूपराव स्टुलावर बसले. "माहीच करनी हाय," ते म्हणाले. "तू सांगत होती बाहेरची डिस्क घ्या. मी काई आयकलं नाई." मग उलट तिलाच म्हणाले, "तू नको मनाले लावून घेऊ. मशीन हाय ते, मरतेच." त्यांनी दोन्ही डिस्का एका पाकिटात घातल्या आणि काचेच्या कपाटात, आपल्या पहिल्या कॅमेऱ्याशेजारी ठेवल्या.

त्यानंतर गुंजन आपल्या गिऱ्हाइकांशी जास्तच खरं बोलू लागली. बिघाड बारीक असला तरी वाईटात वाईट काय होऊ शकेल ते सांगायची. लोक घाबरून जायचे. कागदावर दोन सह्या घ्यायला लागली. नीरज एकदा म्हणाला, "भाजीत मीठ टाकण्याआधीही माझी सही घेशील." तिला हसू आलं नाही.

एप्रिलमध्ये हिंगणीचे डोमाजी गेले. भाजीवाले डोमाजी. बोर धरणाच्या बाजूला त्यांचं वांग्या-टमाट्याचं शेत, आणि सेलूच्या बाजारात ठरलेली जागा. गुंजन त्यांच्याकडूनच वांगी घ्यायची. वजन झाल्यावर वर एक वांगं टाकून ते म्हणायचे, "हे मास्तरले." सकाळी मळ्यात पाणी देऊन आले, बाजेवर टेकले आणि उठले नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा सुमीत स्टुडिओत आला. पुण्याला कंपनीत नोकरीला असतो तो. रूपरावांचा प्रिंटर शाई ओकत होता म्हणून गुंजन तिथं खाली बसून तो साफ करत होती.

"भाऊ, बाबांचा तो फोटो," सुमीत म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी काकांच्या शाल्मलीचं लग्न झालं तेव्हाचा. टोपी काढून हसतायत तो. आईला तुम्ही इथं दाखवला होता म्हणे."

"हो, दाखवला होता."

"आई म्हणते तोच पाहिजे. माझ्या मोबाइलमध्ये एकच आहे, तोही पाठमोरा. फोटो काढायला गेलं की वांग्यांत घुसायचे."

रूपराव उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "बापू, माह्या चुकीनं गेला तो. सारंच गेलं. मी एक डिस्क घ्याची ते नाई घेतली." साठीला आलेला माणूस, समोर तिशीतला पोरगा, आणि जोडलेले हात खाली येत नव्हते.

सुमीत "आईला काय सांगू?" एवढंच म्हणून पायऱ्या उतरला.

गुंजनच्या बोटांना काळी शाई लागली होती. बोटं फडक्याला पुसत ती म्हणाली, "भाऊ, त्या डिस्का मेल्या नव्हत्या."

"काय म्हनते?"

"चांगल्या होत्या दोनी. एक मी पुसली. विंडोज टाकतानी. दुसरी अजूनबी चांगली हाय, पण एकटीचा उपयोग नाई." मग तिनं सगळं सांगितलं, न चालणाऱ्या ड्रायव्हरपासून रिकाम्या दिसलेल्या डिस्कपर्यंत.

"अन् मी इचारलं तवा?"

"मान हलवली."

"दोन मयने मी लोकायपुढं हात जोडून राह्यलो. तू पाहून राह्यली होती?"

"हो."

"काऊन?"

दोन महिन्यांत तिनं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं करून ठेवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. "भेव वाटलं."

"माहं?"

"तुमचं नाई. लोक म्हनतात ना, गुंजन खोटं नाई बोलत. ते जाईन म्हनून."

रूपराव हसले. ते हसणं पाहण्यापेक्षा त्यांनी ओरडलेलं तिला परवडलं असतं. "म्हंजे खरेपनाचं नाव टिकवाले खोटं बोलली. अन् ते झाकाले माहे हात लावले जोडाले."

ते उठले, कपाटातलं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "काय निघते ते काढ यातून. अन् एक आयक. आजपासून इथं फोटो मांगाले जो येईन त्याले तू सांगजो. मी नाई सांगत आता. माहे हात दुखले."

तीन दिवस ती त्या एका डिस्कला चिकटून बसली. पूर्ण फोटो निघणार नाही हे ठाऊकच होतं. पण कॅमेरा एक गोष्ट करतो. प्रत्येक फोटोच्या फाइलीत अगदी सुरुवातीला तो त्याच फोटोची एक चिमुकली प्रत ठेवतो, पाठीमागच्या पडद्यावर पटकन दाखवता यावी म्हणून. ज्या फोटोंची पहिली ओळ या डिस्कवर होती त्यांची ती प्रत शाबूत होती. निम्म्या फोटोंची. टपाल तिकिटाएवढी.

दोन महिने आधी खरं सांगितलं असतं तर दोन महिने आधीच ही तिकिटं निघाली असती. म्हणजे पहिला गुन्हा हाताचा होता आणि दुसरा पूर्णपणे तिचा.

ती एकेक तिकीट पाहत गेली. हजारो. पंगती, खांब, फेटे. प्रत्येकात कोणीतरी कोपऱ्यात उभं होतं, आणि ते मोठं करायला गेलं की चौकोन होऊन विरून जायचं. यातले किती अजून जिवंत आहेत, असं एकदा मनात आलं आणि मग ते थांबवता येईना. ती जिवंत माणसांकडेही उद्याच्या तेरवीचे म्हणून पाहू लागली.

शाल्मलीच्या लग्नाचे निम्मे सापडले. त्यांत डोमाजी सापडले. टोपी हातात, मान मागे. चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा.

ती ते तिकीट घेऊन रूपरावांकडे गेली. त्यांनी मोठं करून पाहिलं, चौकोन. तिनं मोबाइलमधल्या एका अ‍ॅपला दिलं. अ‍ॅपनं क्षणात स्वच्छ चेहरा काढून दाखवला. नाक सरळ, दात पांढरे.

रूपरावांनी चष्मा वर केला. "हा कोन हाय? हा त नागपूरचा वकील दिसते. डोमाजीच्या बाईले हा दाखवशीन?"

तिनं तो पुसला. मग तिकीट होतं तसंच, होतं तेवढंच छापलं.

नवव्या दिवशी ती हिंगणीला गेली. रूपराव सोबत गेले नाहीत, "तुहं काम हाय," म्हणाले. डोमाजींची बायको अनुसयाबाई आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. सुमीत दाराशी.

"काकू, तो फोटो माझ्या हातून गेला. रूपरावभाऊंची काई चूक नाई. त्यांना मीच खोटं सांगितलं होतं."

अनुसयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तू वांगे न्याची नं आमच्यापासून? मास्तरची बायको."

"हो."

"गेला म्हंजे कसा गेला? फाडला?"

"पुसला गेला. चुकीनं. पण भाऊंना विचारून केलं असतं तर वाचला असता. मी विचारलं नाई."

सुमीत काहीतरी बोलणार होता, आईनं हातानं थांबवलं. गुंजननं पाकिटातून ते तिकीट काढून दिलं. "एवढंच निघालं."

अनुसयाबाई उठून उजेडाला दारात गेल्या. तिकीट डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "हेच हाय," त्या म्हणाल्या. "दात पाह्य. समोरचा पडला होता त्या सालात. म्हनून हासत नव्हते कोनापुढं. त्या दिवशी काऊन हासले त देव जाने."

गुंजननं कितीदातरी त्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. त्यात दात नव्हता. पडलेला दातही नव्हता. चार-पाच ठिपके होते फक्त.

"सुमीत, लोकायसाठी तो आधारवालाच लाव मोठा करून," अनुसयाबाई म्हणाल्या. "एवढुसा कोनाले दिसनार हाय? हा मले राहू दे."

"काकू, मला माफ करा."

"ते नको मांगू." त्यांचा आवाज चढला नाही. "माहं सुतक हाय. मले सद्या देनं-घेनं जमत नाई. तेरवीले येजो, जेवजो. पन बुढीनं माफ केलं म्हनून गावात सांगत नको फिरू."

तेरवीला ती गेली. आधारवरचे डोमाजी हारातून रागानं पाहत होते. अनुसयाबाईंनी तिला स्वतः वाढलं नाही आणि उठूही दिलं नाही. शेवटचा घास खाऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बसस्टँडजवळच्या दुकानापुढं आता जास्त यंत्रं दिसतात. गुंजनकडे थोडी माणसं येतात, ती कागदावर सही करण्याआधी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहतात. बाजाराच्या दिवशी ती स्टुडिओत बसते, कारण गावोगावची माणसं त्याच दिवशी येतात.

परवा सेलूचेच एक निवृत्त मास्तर, बंडोपंत, पायऱ्या चढून आले. बायको जाऊन सहा दिवस झाले होते. भाच्याच्या लग्नात ती पंगतीत वाढत होती, म्हणाले, हिरवं लुगडं होतं, तेवढा एक मिळाला तर. त्यांनी हे रूपरावांना सांगितलं. रूपराव लेन्स पुसत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

ते लग्न कोणत्या वर्षीचं, हे गुंजननं विचारलं. त्या तीन वर्षांतलंच निघालं. हिरव्या लुगड्यातल्या पुष्कळ बायका तिला आता तोंडपाठ होत्या, पण ही त्यांत आहे की नाही ते सांगता येत नव्हतं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"बसा, सर. शोधते मी. पण आधी तुम्हाला एक सांगायचं आहे, ते ऐकून घ्या."

ते बसेपर्यंत ती थांबली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.